असहमतीची नोंद कुठे होते?

सरकारने लोकांवर ठेवलेल्या पाळतीचा विषय निघाला की आपल्या मंडळाच्या बैठकीत एक वाक्य हमखास येतं : "आपण काही चुकीचं करत नाही ना? मग कुणी बघितलं तर बिघडलं कुठे?" बोलणारा प्रामाणिक असतो, आणि प्रश्नही खोटा नाही. म्हणून त्याला घोषणा देऊन नव्हे, नीट विचार करून उत्तर द्यायला हवं. त्यासाठी गेले काही आठवडे मी काही न्यायनिवाडे वाचले. मी कायद्याची नव्हे, साहित्याची विद्यार्थिनी आहे. त्यामुळे वाचताना माझं लक्ष कलमांपेक्षा एका शब्दाकडे जास्त गेलं. तो शब्द म्हणजे 'असहमती'.

न्यायालयात पाच न्यायमूर्ती बसले आणि त्यातल्या एकाला बाकीच्या चौघांचं पटलं नाही, तर तो आपलं वेगळं मत लिहितो. ते मत निकालाच्याच पुस्तकात छापलं जातं. त्याचा त्या दिवशी काही उपयोग नसतो, पण ते राहतं. पुढच्या पिढीला ते उघडून वाचता येतं.

नागरिकाने सरकारशी असहमती दाखवली, तर तिचीही नोंद होऊ शकते. पण ती होते एखाद्या कार्यालयातल्या फाइलमध्ये. ज्याच्याविषयी ती आहे, त्याला ती दिसत नाही. ती चुकीची असेल तर दुरुस्त करता येत नाही.

एकाच गोष्टीच्या या दोन नोंदी. माझं म्हणणं असं, की आपल्या देशात खासगीपणाचा हक्क मिळाला तो पहिल्या प्रकारच्या नोंदीमुळे. आणि दुसऱ्या प्रकारची नोंद जितकी बेलगाम होते, तितकी माणसं मुळात वेगळं मत मांडायलाच कचरतात. हे कसं, ते क्रमाने पाहू.

१. रात्रीची थाप

सुरुवात एका अशा माणसापासून करते, जो राजकीय कार्यकर्ता नव्हता. उत्तर प्रदेशातल्या खरक सिंग यांच्यावर १९४१ मध्ये दरोड्याचा संशय आला. पुरावा नव्हता, म्हणून त्यांना सोडून दिलं. तरीही पोलिसांनी त्यांच्या नावाची 'हिस्ट्री शीट' उघडली आणि त्यांच्यावर पाळत सुरू झाली. गावचा चौकीदार आणि शिपाई रात्री येत, दार ठोठावत, हाका मारून झोपेतून उठवत. गावाबाहेर जायचं तर कुठे जाणार आणि कधी परत येणार, हे चौकीदाराला सांगावं लागे. हे सगळं पोलिसांच्या नियमावलीत लिहिलेलं होतं : घरावर गुप्त पहारा, रात्रीच्या घरभेटी, अधूनमधून चौकशी, येण्याजाण्याची खबर, आणि मिळालेल्या माहितीची नोंद.

खरक सिंग सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६२ च्या डिसेंबरमध्ये सहा न्यायमूर्तींनी निकाल दिला. रात्रीच्या घरभेटी घटनाबाह्य आहेत, यावर सहाही जणांचं एकमत झालं. पण बाकीच्या पाळतीबद्दल चौघांनी म्हटलं, की तिने मूलभूत हक्काला बाधा येत नाही. पहारा गुप्त आहे, माणसाला कुणी अडवत नाही, मग त्याचं फिरण्याचं स्वातंत्र्य गेलं कुठे? शिवाय खासगीपणा हा आपल्या घटनेत हमी दिलेला हक्क नाही, असंही त्यांनी लिहिलं.

न्यायमूर्ती सुब्बा राव यांना हे पटलं नाही. न्यायमूर्ती शहा त्यांच्यासोबत होते. सुब्बा राव यांचा मुद्दा असा, की माणसाला दोरीनेच बांधावं लागतं असं नाही. मनावर पडलेलं बंधनही बंधनच असतं. पोलिसांच्या नजरेखाली चालणारा माणूस चालतो खरा, पण मोकळेपणाने नाही. त्याच्यासाठी सगळा देशच तुरुंग होतो, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. दोघांच्या मते ती सगळी नियमावलीच रद्द व्हायला हवी होती.

मला या दोन मतांतला फरक वाङ्मयाच्या भाषेत सांगावासा वाटतो. चौघांनी माणसाला बाहेरून पाहिलं : हातपाय मोकळे आहेत ना? दोघांनी त्याच्या आत डोकावून पाहिलं. कथा-कादंबरी वाचताना आपण जे करतो, तेच त्यांनी केलं.

२. लपवण्यासारखं काही नसेल तर?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. "लपवण्यासारखं काही नाही" या वाक्यात एक गृहीत धरलेलं असतं, की लपवणं म्हणजे अपराध. हे खरं असतं, तर आपलं मतदान गुप्त का आहे? मत देणं हा गुन्हा नाही. उलट लोकशाहीतलं सगळ्यात सन्मानाचं काम आहे. तरीही पडदा लावतात, आणि तो लावणं ही सरकारचीच जबाबदारी असते. कारण मत कुणीतरी बघणार हे कळलं, की माणूस आपल्या मनाला पटेल त्याला मत देण्याऐवजी बघणाऱ्याला रुचेल त्याला मत देऊ लागतो.

आम्हा कॅथलिक लोकांना याचं आणखी एक उदाहरण जवळचं आहे. पापनिवेदनात आपण जे बोलतो, ते धर्मगुरू कुणालाही सांगू शकत नाहीत. तिथे अगदी लाजिरवाणी गोष्टही बोलली जाते, ती या भरवशावरच. माणूस स्वतःहून, विश्वासाने सांगतो. पाळतीत नेमकं उलटं असतं. तिथे माणसाने काही सांगितलेलं नसतं, त्याच्याकडून ते काढून घेतलेलं असतं, आणि ते पुढे कुणाकडे जाईल याला त्याच्या बाजूने काही मर्यादा नसते.

म्हणजे गुप्तता ही नेहमी पाप झाकण्यासाठी नसते. काही खरी कामं गुप्ततेशिवाय होतच नाहीत. मत ठरवणं हे त्यातलं एक. कच्चा विचार मित्रापाशी बोलून पाहणं, तो चुकला तर मागे घेणं, हे दुसरं. यातूनच पुढे कुणाची कविता होते, कुणाचं निवेदन, कुणाचा मोर्चा.

३. मराठी मजकुराचा सरकारी वाचक

राजकीय लोकांवर पाळत ही स्वातंत्र्यानंतरची गोष्ट नाही. आपल्या भाषेला ती फार आधीपासून माहीत आहे. मुंबई इलाख्यात ब्रिटिश सरकारने देशी वृत्तपत्रं वाचण्यासाठी खास माणसं नेमली होती. मराठी, गुजराती वगैरे पत्रांत काय आलं, याचा इंग्रजी गोषवारा दर आठवड्याला अधिकाऱ्यांपुढे जाई. गंमत म्हणजे, ज्या पत्रांचे अंक आज मिळत नाहीत, त्यांत काय असे याचा अंदाज अभ्यासकांना या सरकारी गोषवाऱ्यांवरूनच येतो. सरकारइतका नेमाने वाचणारा वाचक त्या काळी संपादकांना दुसरा कुणी मिळाला नसेल!

पण हा वाचक कसा वाचायचा? १९०८ च्या खटल्यात 'केसरी'तले लेख न्यायालयापुढे आले ते इंग्रजी भाषांतरात. ज्युरीतल्या बहुतेकांना मराठी येत नव्हतं. भाषांतरात आपल्या शब्दांचा अर्थ बदलला आहे, हे लोकमान्य टिळकांनी स्वतः उभं राहून तपशिलाने सांगितलं. सात विरुद्ध दोन मतांनी ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन ते मंडालेला गेले. ते दोन असहमत ज्युरर लक्षात ठेवायला हवेत.

मात्र सरकारी वाचक नेहमी चुकतो असंही नाही. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' रंगभूमीवर आलं १९०७ मध्ये. कथा महाभारतातली, पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि द्रौपदी म्हणजे भारतमाता, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही. सरकारलाही ते कळलं आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. म्हणजे इथे वाचन अगदी अचूक होतं! यातून मला एक गोष्ट शिकायला मिळाली. सरकारने बरोबर वाचलं की चूक, हा मुख्य प्रश्नच नाही. वाचणाराच आरोप ठेवणार, आणि त्याच्या वाचनावर तिसऱ्या कुणाची नजर नसणार, इथे खरी अडचण आहे.

गोव्यातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. सालाझारच्या काळात गोव्यातलं वर्तमानपत्र आधी सेन्सॉरकडे जाई आणि 'सेन्सॉरने पाहिले' अशा अर्थाची पोर्तुगीज ओळ अंकावर छापली जाई. लग्नपत्रिकासुद्धा छापण्याआधी दाखवावी लागे, असं त्या पिढीची माणसं सांगतात. जाहीर सभेला बंदी होती. १८ जून १९४६ ला डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. ज्युलियांव मिनेझिस यांनी मडगावात ती मोडली, म्हणून तो दिवस आपण क्रांतिदिन म्हणून पाळतो. त्यानंतर महिनाभरातच चांदरचे त्रिस्तांव द ब्रागांझा कुन्हा यांना पकडलं. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं. त्यांचा अपराध होता तो लिहिण्याचा आणि बोलण्याचा.

लग्नपत्रिकेत राजद्रोह तो काय असणार? पण मला वाटतं, तपासणीचा हेतू राजद्रोह शोधणं एवढाच नव्हता. छापखान्यात पाऊल टाकण्याआधी प्रत्येकाने मनात एकदा सेन्सॉरला विचारावं, ही सवय लावायची होती. ती लागली, की सेन्सॉरला काम उरत नाही. माणूस स्वतःच स्वतःचं खोडू लागतो.

४. आणीबाणी : एक विरुद्ध चार

परकी सरकारं गेली म्हणून प्रश्न संपला नाही. २५ जून १९७५ ला देशात आणीबाणी जाहीर झाली. वृत्तपत्रांवर नियंत्रण आलं. एकवीस महिन्यांत एक लाखाहून जास्त माणसं खटल्याशिवाय किंवा आणीबाणीच्या नियमांखाली तुरुंगात गेली. यात विरोधी नेते होते, तसे कार्यकर्ते, पत्रकार आणि शिक्षकही होते. इतक्या लोकांना इतक्या लवकर उचलायचं, तर कोण कुठे राहतं, कुणाबरोबर ऊठबस करतं, हे आधीच माहीत असावं लागतं. पाळतीतून जमलेली माहिती अशा वेळी कामाला येते. ती जमत असते तेव्हा कुणाला काही त्रास होत नाही. त्रास एके दिवशी एकदम होतो.

याच काळात, १९७५ च्या अखेरीस, कऱ्हाडला मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्षा होत्या दुर्गा भागवत, आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. दुर्गाबाईंनी त्याच मांडवात लेखनस्वातंत्र्याची बाजू घेतली आणि आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. समोर कोण बसलंय आणि कोण टिपून घेतंय, हे त्यांना कळत नव्हतं असं थोडंच आहे? ते कळत असूनही त्या बोलल्या, म्हणून आपण त्यांचं नाव घेतो. पण सगळेच दुर्गाबाई नसतात. सामान्य माणसाला बोलण्यासाठी असामान्य धैर्य लागू नये, यासाठीच कायदा असतो.

तो कायदा तेव्हा काय म्हणाला? खटल्याशिवाय स्थानबद्ध केलेल्या माणसाला न्यायालयात दाद मागता येईल का, हा प्रश्न जबलपूरच्या प्रकरणातून सर्वोच्च न्यायालयापुढे आला. नऊ उच्च न्यायालयांनी 'मागता येईल' असं म्हटलं होतं. न्यायमूर्ती एच. आर. खन्ना यांनी सरकारी वकिलांना विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैरापोटी कुणाला ठार केलं, तरीही दाद नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असंच उत्तर मिळालं. २८ एप्रिल १९७६ ला पाचपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारची बाजू मान्य केली. एकटे खन्ना वेगळे राहिले. पुढच्या जानेवारीत सरन्यायाधीशपदाची पाळी त्यांची होती. त्यांना डावलून कनिष्ठ न्यायमूर्तींना ते पद दिलं गेलं, आणि खन्नांनी राजीनामा दिला. मत मात्र पुस्तकात छापलेलं राहिलं.

५. फोनच्या तारेवर तिसरा कान

आणीबाणीनंतर सत्ताधारी बदलत गेले, पण कान लावण्याची सवय गेली नाही. शेजारच्या कर्नाटकात रामकृष्ण हेगडे यांना १९८८ च्या ऑगस्टमध्ये फोन टॅपिंगच्या वादात मुख्यमंत्रिपद सोडावं लागलं. १९९१ च्या मार्चमध्ये राजीव गांधींच्या घराबाहेर हरियाणा पोलिसांचे दोन शिपाई टेहळणी करताना सापडले, यावरून काँग्रेस चिडली आणि चंद्रशेखर यांचं केंद्र सरकारच कोसळलं. दोन साध्या शिपायांमुळे देशाचं सरकार गेलं! यावरून दिसतं, की हा कुठल्या एका पक्षाचा रोग नाही. ज्याच्या हाती यंत्र येतं, त्याला ते वापरावंसं वाटतं. आणि आज ऐकणारा उद्या ऐकला जातो.

फोन ऐकण्याचा अधिकार सरकारला होता तो १८८५ च्या तार कायद्याने, म्हणजे 'कीचकवध' रंगभूमीवर येण्याच्याही बावीस वर्षं आधीच्या कायद्याने. सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता, अशी अट त्यात होती. पण हुकूम कुणी आणि कसा काढायचा, याचे नियमच केलेले नव्हते. पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने याचिका केली. १९९६ च्या डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फोनवरचं संभाषण हा माणसाच्या खासगी आयुष्याचा भाग आहे. हुकूम गृहसचिवांनीच काढावा, तो दोन महिन्यांत संपावा, मुदत वाढवली तरी एकूण सहा महिन्यांपलीकडे जाऊ नये, आणि एका समितीने तो तपासावा, अशी चौकट न्यायालयाने घालून दिली.

ही चौकट कागदावरच राहिली असं म्हणता येणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले आणि रेकॉर्डिंगच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. लाचेचा आरोप गंभीर असला, तरी त्यात सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न कुठे आहे, असा न्यायालयाचा सवाल होता.

६. पंचावन्न वर्षांनी

आता त्या दोन जुन्या असहमतींचं काय झालं, ते पाहू. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी २०१२ मध्ये आधारविरुद्ध याचिका केली. सरकारने उत्तर दिलं, की खासगीपणाचा हक्कच मुळात नाही. खरक सिंगचा निकाल वाचा. म्हणून नऊ न्यायमूर्तींचं पीठ बसलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला नऊही जणांनी एकमताने सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. खरक सिंगच्या निकालातला त्याविरुद्धचा भाग चुकीचा ठरवला गेला. सुब्बा राव यांची दृष्टी बरोबर होती, हे मान्य व्हायला पंचावन्न वर्षं लागली.

त्याच निकालाने जबलपूर प्रकरणाचा निवाडाही पुसून टाकला आणि खन्नांच्या मताला मान दिला. १९७६ च्या त्या चार न्यायमूर्तींत यशवंतराव चंद्रचूड होते. तो निवाडा चुकीचा होता, असं २०१७ मध्ये लिहिणाऱ्यांत होते त्यांचेच पुत्र, धनंजय चंद्रचूड. मुलाने वडिलांचा निकाल खोडला, ही बातमी तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी आवर्जून छापली. मला त्यात बातमीपेक्षा जास्त काही दिसतं. वडिलांचं मत आणि खन्नांचं मत ही दोन्ही शेजारी शेजारी छापलेली होती, म्हणून मुलाला निवड करता आली. १९७६ मध्ये 'हे मत धोकादायक आहे' म्हणून ते छापूच दिलं नसतं तर?

या निकालाने एक कसोटीही दिली. खासगीपणात शिरायचं तर तीन गोष्टी हव्यात : कायद्याचा आधार, रास्त उद्देश, आणि त्या उद्देशाला लागेल तेवढंच शिरणं. परीक्षेच्या तयारीसाठी नव्हे, नागरिक म्हणून ही तीन पाठ असावीत.

७. आज काय अपुरं आहे

कुणी म्हणेल, झालं की मग, हक्क मिळाला. पण हक्क पुस्तकात असतो आणि पाळत खिशातल्या फोनवर. २०२१ च्या जुलैमध्ये पेगासस या इस्रायली स्पायवेअरच्या बातम्या आल्या. ते बनवणारी कंपनी म्हणते, आम्ही फक्त सरकारांनाच विकतो. भारतातले पत्रकार, कार्यकर्ते आणि विरोधी नेते यांचे नंबर संभाव्य यादीत असल्याचं त्या बातम्यांत होतं. सर्वोच्च न्यायालयाने समिती नेमली. राष्ट्रीय सुरक्षेचं नाव घेतलं की न्यायालयाने गप्प बसावं असं होत नाही, हेही सांगितलं. समितीने २९ फोन तपासले. पाच फोनमध्ये काहीतरी घातक सॉफ्टवेअर सापडलं, पण ते पेगाससच होतं असं ठाम सांगता आलं नाही. सरकारने सहकार्य केलं नाही, असंही समितीने नोंदवलं.

आणखी एक उदाहरण आपल्या महाविद्यालयांत अनेकांच्या मनात आहे. जेसुइट धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी झारखंडमधल्या आदिवासींसाठी काम करत. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांना अटक झाली. ५ जुलै २०२१ ला, खटला सुरू होण्याआधीच, कोठडीत असताना मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. वय ८४. त्यांच्या संगणकात बाहेरून शिरून फायली ठेवल्या गेल्या होत्या, असा अहवाल आरोपींच्या बाजूने नेमलेल्या एका अमेरिकन तज्ज्ञ संस्थेने नंतर दिला. न्यायालयाने त्यावर निर्णय दिलेला नाही, म्हणून मीही देत नाही. पण यातून एक प्रश्न उभा राहतो : ज्या वाटेने कुणी आपल्या फोनमध्ये शिरून वाचू शकतो, त्याच वाटेने तो तिथे लिहूही शकतो. चौकीदार फक्त दार ठोठावत होता. हा आत येऊन आपल्याच हस्ताक्षरात काही ठेवून जाऊ शकतो.

१८८५ च्या कायद्याची जागा घ्यायला २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा झाला. संदेश ऐकण्या-वाचण्याचा अधिकार त्यातही आहे. हुकूम काढणार सचिव, आणि तो तपासणाऱ्या समितीतही सचिवच. बाहेरचा न्यायाधीश नाही. ज्याचा फोन ऐकला त्याला, काम संपल्यावरही, कळवण्याची सोय नाही. म्हणजे १९६२ चं तेच जुनं कोडं : माहीतच नाही, तर तक्रार कशी करणार?

इथे दुसरी बाजू मांडायलाच हवी. सरकारने कुणावरच नजर ठेवू नये, असं मी म्हणत नाही. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरांना फोनवरून सूचना देणारे आवाज पोलिसांनी ऐकले, म्हणूनच कटाचा मोठा पुरावा मिळाला. अशा वेळी न ऐकणं हाच गुन्हा ठरेल. पण बंदूक घेऊन आलेला आणि निवेदन घेऊन आलेला यांत फरक करायला कुणीतरी त्रयस्थ हवा. घराची झडती घ्यायची असेल, तर पोलीस सहसा दंडाधिकाऱ्याकडून वॉरंट आणतात. फोनमध्ये आज घरापेक्षा जास्त असतं. त्यासाठी न्यायाधीशाची सही मागणं हे देशद्रोहाचं लक्षण कसं होईल?

तर "कुणी बघितलं तर बिघडलं कुठे?" याला माझं उत्तर असं : माझं कदाचित काही बिघडणार नाही. पण ज्याचं म्हणणं आज चौघांना पटत नाही आणि पंचावन्न वर्षांनी नऊ जणांना पटणार आहे, तो माणूस गप्प बसेल. त्याचं नाव मला माहीत नाही. तो माझ्या मताच्या विरुद्धही असू शकेल. त्याच्या असहमतीची नोंद फाइलमध्ये न होता, सगळ्यांना वाचता येईल अशा ठिकाणी व्हावी, यात माझाही स्वार्थ आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. 'गुप्त पहाऱ्याने स्वातंत्र्याला बाधा येत नाही' हे १९६२ चं बहुमत तुम्हाला कुठे पटतं आणि कुठे नाही?

२. 'कीचकवध'चा सरकारने लावलेला अर्थ बरोबर होता. मग बंदी योग्य ठरते का?

३. पाळतीचा हुकूम तपासणारी समिती तुम्हाला नेमायची असेल, तर तिच्यात कोण कोण असावं?

४. मागच्या महिनाभरात, कुणीतरी वाचेल म्हणून, तुम्ही लिहून खोडलेलं एक वाक्य आठवा. ते कुणाला सांगू नका. ते का खोडलं, एवढंच मनाशी ठरवा.